नोकरीतला वाघ

आमचे भावोजी भगवंतराव रस्त्याच्या ठेकेदाराकडे चौकीदार म्हणून लागले आणि घिवली गावाला फुकटात एक साहेब मिळाला. खाकी अर्धी चड्डी, कमरेला पट्टा, पायात ठेकेदाराचे बूट, गळ्यात शिट्टी. तोवर हा माणूस आमच्यासारखाच वाडीत पाणी लावत होता आणि मराठी बोलत होता. गळ्यात शिट्टी पडली आणि मराठी गेली. "कौन है उधर? पीछे हटो!" हे ते स्वतःच्या म्हशीला म्हणायचे. म्हैस शहाणी, ती हटायची नाही. माझी बहीण रंभाताई, म्हणजे त्यांची बायको, चारचौघांत 'लेडीज लोग' झाली. सलामाचा तर त्यांना छंदच लागला. खाकी दिसली की हात वर. एकदा पोस्टमनला ठोकला, एकदा एस.टी.च्या कंडक्टरला. मी पडलो धाकटा मेहुणा. भावोजींची थट्टा करणं हा मेहुण्याचा हक्कच, आणि आमच्या भावोजींनी मला त्या बाबतीत एक दिवस रिकामं बसू दिलं नाही.

पण एका गोष्टीत मला त्यांची थट्टा सुचली नाही. राग आला, तो अजून आहे.

आमच्या वेशीवर वाघोबा होता. दोन हात उंचीचा उभा दगड, त्यावर कोरलेला वाघ, वाघाच्या डोक्यावर चंद्र-सूर्य. दिवाळीतल्या वाघबारशीला त्याला शेंदूर लावायचा मान भावोजींच्या घराण्याचा. पासष्ट साली तारापूरकडे जाणारा रस्ता रुंद करायला घेतला आणि वाघोबा नेमका मध्ये आला. भावोजी छाती काढून म्हणाले, "मानकरी मी हाय. मी बघतो काय ते." दुसऱ्या दिवशी वेस रिकामी. म्हणे विधिपूर्वक होडीतून नेऊन समुद्रात पोचवला. गाव गप्प बसलं. मानकऱ्यालाच चालतंय तर इतरांनी कशाला तोंड उघडायचं?

रंभाताई मात्र त्या रात्री जेवली नाही. तिची एकुलती एक लेक सुगंधा मुरबे गावी दिलेली. दोन वेळा तिचं पोट राहिलं आणि गेलं. तिसऱ्या वेळी ताईनं वाघोबासमोर पदर पसरला होता : पोर धड जन्माला येऊ दे, तुझ्या पायाशी त्याचं जावळ काढीन, तोवर केसाला कात्री लावणार नाय. वाघोबा समुद्रात गेला आणि दोन महिन्यांनी तानी जन्मली. धडधाकट, टणटणीत आवाजाची. आता नवस फेडायचा कुठे?

पोर दोन वर्षांची होत आली. मुलींचं जावळ एरवी कोण एवढ्या थाटानं काढतं, पण नवस तो नवस. केस डोळ्यांवर आलेले, मानेला घामोळं, त्यात गळवं. सुगंधाची सासू मैनाबाई, देवभोळी आणि तोंडानं तिखट. तिनं सुनेला पोरीसकट माहेरी आणून बसवलं. "फिटला नाय असा नवस माझ्या उंबऱ्यात नको. फेडा, मग या." त्याला आठ महिने झाले होते. जावई पहिल्यांदा दर रविवारी यायचा, मग महिन्यानं, मग यायचाच बंद झाला. सुगंधा दिवसभर अंगण झाडायची. झाडलेलंच पुन्हा झाडायची.

शेवटी रंभाताईनंच तोड काढली. "दगडाचा नाय तर नाय. मुंबैला राणीच्या बागेत जित्ता वाघ हाय ना? त्याच्यासमोर जावळ काढू." मी मुरब्याला जाऊन मैनाबाईला विचारलं. पान एका गालात सारून ती म्हणाली, "जित्ता असंल तर चालंल. पण देवानं बघितलं पायजे. पाठ करून बसला तर मी नाय धरायची."

भावोजींना यातलं काही सांगितलं नाही. ताई एवढंच म्हणाली, "अवो, आमाला मुंबैची बाग दाखवा." पंचवीस वर्षांच्या संसारात बाईनं पहिल्यांदा काही मागितलं. साहेब फुलले. "लेडीज लोगोंको भी दुनिया देखना चाहिए," म्हणाले, आणि रजा काढली. गणवेश मात्र काढला नाही. शिट्टीसुद्धा गळ्यातच.

मार्च महिन्यात आम्ही निघालो. बोईसरपर्यंत बैलगाडी, पुढं आगगाडी, मग बस. मला न्यायचंच होतं, कारण जावळाला पोर मामाच्या मांडीवर लागते. तानीला सख्खा मामा नाही, तेव्हा आईचा मामा चालवून घ्यायचा. ताईच्या पिशवीत कात्री, नारळ, शेंदूर, पाच पानं.

बागेच्या दारावर एक चौकीदार उभा होता. भावोजींनी सलाम ठोकला. त्यानंही ठोकला. बस्स, पुढचा अर्धा तास भावोजींचे पाय जमिनीला लागले नाहीत. वाचता काही येत नव्हतं, पण प्रत्येक पाटीसमोर उभे राहून ते आम्हाला माहिती देत होते. पाणघोडा बघून म्हणाले, "हा रशियानं दिलेला. तिकडं नांगराला जुंपतात." एका बाईनं आपल्या मुलाला घाईघाईनं पुढं नेलं. ताईनं पाणघोड्याकडे पाहिलं आणि विचारलं, "दूध किती देतो?" भावोजी म्हणाले, "ते साहेबाला विचारावं लागंल."

वाघाचा पिंजरा आला. वाघ पाठ करून झोपला होता.

सुगंधाचा चेहरा उतरला. ताईनं कठड्याजवळ पदर पसरला, मला खाली बसवलं, तानीला माझ्या मांडीवर दिलं आणि पिशवीतून कात्री काढली. तेव्हा कुठे साहेबांच्या डोक्यात उजेड पडला.

"हे काय चाललंय? गावठीपणा! इथं मोठे मोठे लोक येतात!"

"नवस फेडतेय," ताई म्हणाली. "जरा त्याला इकडं वळवा. एवढं तरी करा."

लोक जमायला लागले तसे साहेब आणखी घाबरे झाले. एकदाचं उरकावं म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग "ए वाघ! इधर देखो!" म्हणून पाहिलं. वाघानं कान हलवला. मग, देवा रे, त्यांनी शिट्टी फुंकली. माकडांनी एकच कालवा केला, तानीनं भोकाड पसरलं, आणि बागेचा रखवालदार धावत आला. खाकी कपडे, हातात बादली. भावोजींचा हात आपोआप वर गेला.

"शिट्टी कोणी वाजवली?"

"मी या लेडीज लोगला सांगत होतो, साहेब, की असलं काही करू नका," भावोजी म्हणाले. शिट्टी अजून ओठांतच लोंबत होती.

रखवालदार भला माणूस निघाला. ताईनं त्याला सगळं सांगितलं, दोन गेलेल्या गर्भांपासून मैनाबाईच्या पानापर्यंत. त्यानं पोरीच्या मानेवरची गळवं पाहिली. म्हणाला, "नारळ इथं फोडू नका बाई. केसांचं मी बघितलंच नाही असं समजा. आणि वाघाचं म्हणाल तर हा इथंच जन्मला. मी बाटलीनं दूध पाजून वाढवलाय याला. थांबा." त्यानं बादली वाजवली आणि हाक मारली, "राजू! ए राजू, ये बाळा!"

वाघ उठला. आळस देत आला आणि गजाला गाल घासायला लागला. केवढं ते जनावर, आणि डोळे बादलीवर. लोकांनी टाळ्या पिटल्या. सुगंधा म्हणाली, "आई, बघतोय! लवकर कर!"

 ताईनं वाघाकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं, आणि कात्री परत पिशवीत टाकली.

"आमच्या वाघोबाला अख्खा गाव हात जोडायचा, का तर बाबा तू येऊ नकोस, तुझ्या जागी राहा. यो बादली वाजवली की येतो. यो देव नाय रे पंढरी. यो नोकरीला हाय," ताई मला म्हणाली.

सुगंधा तिथंच, लोकांच्या देखत, कठड्याला धरून रडायला लागली. आवाज न करता रडणारी मुलगी ती, पण त्या दिवशी हंबरडा फोडला. "मग मी जाऊ कुठं? आई, मी कुठं जाऊ? त्यांनी दुसरी बघितली तर?" माझ्याच्यानं तिच्याकडे बघवेना. ताईनं तिला पोटाशी धरलं. रखवालदारानं बादली खाली ठेवली.

भावोजींनी शिट्टी तोंडातून काढली. आपल्याच बुटांकडे बघत ते बोलले, "दगड हाय."

"कुठला दगड?" मी विचारलं.

"वाघोबा. समुद्रात नाय टाकला. रस्त्याच्या कामावरल्या साहेबाच्या कचेरीला पायरी हवी होती. चांगला घडीव दगड गावात दुसरा कुठं हाय? पालथा घातलाय. वाघ खाली. कुणाला दिसत नाय."

दोन वर्षं! काखेत कळसा आणि आम्ही मुंबईला वळसा घालून आलो. लेक आठ महिने दारात बसलेली, नातीची मान पिकलेली, आणि हा माणूस रोज देवाच्या पाठीवर उभा राहून सलाम ठोकतोय! मी त्यांच्या अंगावर धावलो असतो, पण मांडीवर तानी होती. ताईनं नवऱ्याकडे फक्त एकदा पाहिलं. परतीच्या सबंध वाटेत ती त्यांच्याशी बोलली नाही.  भावोजी हिंदीतसुद्धा बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कचेरीवर गेलो. मैनाबाईला मी निरोप धाडला होता, तीही मुरब्याहून येऊन ठेपली. ताई सरळ पायरीशी गेली, पायरीवर हळद-कुंकू वाहिलं आणि बाजूला बसली. साहेब बाहेर आला. सुशिक्षित, तरुण, जरा गोंधळलेला.

"काय पाहिजे बाई?"

"आमचा देव तुमच्या पायाखाली हाय," ताई म्हणाली. "तो उलटा करून द्या."

साहेबानं पाय मागे घेतला. चार मजूर बोलावले. पहारी घालून दगड उलटला, आणि खाली वाघोबा जसाच्या तसा. मातीनं माखलेला, पण कानाच्या खाचेत जुना शेंदूर अजून होता. मैनाबाईनं जमिनीवर डोकं टेकलं. ताई रडली. मीही रडलो, लाज कसली?

साहेबानं भावोजींना हाक मारली. "भगवंत, हा दगड तू आणला होतास. हा देव आहे, तुला माहीत होतं?"

भावोजी टाचा जुळवून उभे राहिले. सुगंधा त्यांच्याकडे बघत होती. मला वाटलं, आता तरी. लेकीसाठी तरी. फार काय, नोकरी जाईल.

"नहीं साब," भावोजी म्हणाले. "हमको मालूम नहीं था."

साहेबानं मान डोलावली आणि दगड वेशीवर नेऊन ठेवायला सांगितलं. तिथं दुपारपर्यंत जावळ झालं. माझ्या मांडीवर तानी आधी ओरडली, मग डोकं हलकं झालं तशी हसायला लागली. मैनाबाईनं तिला उचलून आपल्या कडेवर घेतलं आणि सुनेला म्हणाली, "चल. भात टाकायला उशीर होईल."

सुगंधानं वाघोबाला नमस्कार केला. आईच्या पाया पडली, माझ्या पाया पडली. भावोजी गाडीजवळ येऊन उभे होते. सासरी निघालेली लेक बापाच्या पाया पडणारच, म्हणून त्यांनी बूट काढून बाजूला ठेवले होते आणि पाय जवळ जुळवून ते वाट बघत होते. सुगंधा त्यांच्यासमोरून गेली, गाडीत चढली आणि तानीला सासूकडून आपल्या मांडीवर घेतलं. गाडी हलली, वळणावर दिसेनाशी झाली, तरी भावोजी तसेच अनवाणी उभे होते.