जावईबापूंची डबी

लोक निवृत्त झाले की माश्या मारतात. आप्पा माश्या बांधत. छंद तरुणपणापासूनचा, आता दिवसभराचा झाला. पिसाचा तुकडा, चिमूटभर केस आणि रेशमी दोरा एवढंच सामान. ते बारीकशा गळाभोवती असं काही गुंडाळत, की पाण्यातल्या माशाने खरा किडा समजून झडप घालावी. जन्मभर त्यांनी कवळ्या केल्या होत्या. दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत, खिडकीकडे तोंड करून, गुलाबी मेणात एकेक दात बसवत त्यांची उमर गेली. नाकावर माशी बसू द्यायची नाही असा स्वभाव. दवाखान्याचे डॉक्टरसुद्धा त्यांच्याशी जपून बोलत.

त्यांना एक विद्या येत होती. एखाद्या गिऱ्हाइकाने घासाघीस केली, किंवा नुसतं 'अहो कवळीवाले' अशी हाक मारली, की त्याच्या कवळीतली एक दाढ ते केसभर उंच ठेवत. आरशात दिसायचं नाही, डॉक्टरला सापडायचं नाही. खाणाऱ्याला मात्र घासाघासाला कळायचं. माणूस गाल धरून परत यायचा आणि आप्पा गंभीर चेहऱ्याने सांगायचे, "सवय होईल." रात्री जेवताना ते ही हकीकत बायकोला सांगून हसत. असल्या विनोदी माणसाच्या पंगतीला बसू नये, पण ती बिचारी रोज बसायची. बसता बसता एक दिवस गेली.

राहिली एक लेक. आप्पा तिला चिमे म्हणत. लहानपणी ती त्यांच्या टेबलाशी उभी राहून माश्यांचे डबे लावायला शिकली. वरच्या रांगेत पाण्यावर तरंगणाऱ्या, मधल्या रांगेत जेमतेम बुडणाऱ्या, खालच्या रांगेत तळाशी जाणाऱ्या. आणि प्रत्येक माशी डबीत जाण्याआधी तिचा गळ अंगठ्याच्या नखावर हलकेच ओढून पाहायचा. नखात अडकला तर धारदार, घसरला तर बोथट. "बोथट गळ म्हणजे खोटं बोलणारा माणूस," आप्पा तिला सांगायचे. सांगणारा कोण, ते सोडून द्या.

चिमीने आपलं लग्न आपणच जमवलं. जावई लिफ्ट दुरुस्त करणारा. "वर-खाली करणं हाही धंदा झाला?" आप्पा म्हणाले, आणि तेवढ्यावर थांबतील तर ते आप्पा कसले. नदीवर मासेमारी खुली झाली की पहिल्या रविवारी आप्पा, त्यांचे मित्र निवृत्त पोस्टमास्तर आणि जावई असे तिघे जायचे. आदल्या दिवशी आप्पा दोन डबे भरत. एक त्यांचा स्वतःचा, जुना पत्र्याचा चपटा. त्याच्या आत त्यांनी कवळीचंच गुलाबी मेण थापलं होतं आणि त्यात माश्या रोवलेल्या असत. दुसरी जावईबापूंची प्लास्टिकची डबी. तिच्यातल्या माश्याही आप्पांच्याच हातच्या. तीच पिसं, तेच रंग, एखाद-दुसरी जास्तच देखणी. फक्त प्रत्येक गळाच्या टोकावरून कानशीचा एक हात फिरवलेला. केसभर.

मासा लागलाच नाही तर माणूस नशिबाला बोल लावतो. लागून सुटला, तर स्वतःला. हे आप्पांना पक्कं ठाऊक होतं. वर्षानुवर्षं जावयाची काठी वाकायची, तोंड उजळायचं, "लागला, आप्पा, लागला!" असा ओरडा व्हायचा आणि दोरी सैल पडायची. तो भला माणूस येऊन विचारायचा, "आप्पा, माझ्या मनगटाचं काही चुकतं का?"

"मनगट शिकवता येत नाही. ते घेऊनच जन्माला यावं लागतं," आप्पा सांगायचे.

एकदा त्याने बिचकत आप्पांच्या डब्यातली एक माशी मागितली. आप्पा पोस्टमास्तरांकडे वळून मोठ्याने म्हणाले, "दुसऱ्याच्या डबीत हात घालणारा तो मासेमार नव्हे, भिकारी." पुन्हा त्याने मागितलं नाही. संध्याकाळी चिमीच्या घरी जेवण असायचं आणि ताटात आप्पांचे मासे. मग ठरलेलं वाक्य यायचं: "जावईबापूंचा मासा सांगायला मोठा, ताटात मात्र दिसत नाही!" पोस्टमास्तर ठसका लागेपर्यंत हसत. जावईही हसायचा, कारण दुसरं काय करणार. चिमी वाढत असायची.

यंदा आप्पांचे डोळे गेले. पार गेले नाहीत, पण डोळ्याच्या आतला पडदाच विरलाय, त्याला शिवण नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. माणूस दिसायचा, त्याचं तोंड दिसायचं नाही. बोटांनाही स्पर्श नीट कळेनासा झाला होता. दोनदा गॅस उघडा राहिला, तेव्हा चिमीने ठरवून टाकलं: नदीचा रविवार झाला की आप्पांनी तिच्याकडे राहायला यायचं. मागची खोली रिकामी केली, कपडे नेले. आप्पा नाही म्हणू शकले नाहीत. पण जावयाच्या घरात आश्रितासारखं शिरायचं ही कल्पना त्यांना कवळीतल्या उंच दाढेसारखी सलत होती.

"या रविवारी मासा माझा पाहिजे," ते पोस्टमास्तरांना म्हणाले. "मासा हातात घेऊन त्या घरात गेलो तर मी सासरा. रिकाम्या हाताने गेलो तर मी नुसतं सामान."

शनिवारी दुपारी चिमी डबे भरायला आली. टेबल खिडकीशी ओढून तिने सगळे खण उघडले. आप्पा पलंगाच्या कडेवर बसून हुकूम सोडत होते. आधी तरंगणाऱ्या, मग बुडणाऱ्या. पाणी गढूळ असेल, तर काळ्या जास्त घे. ऊन असेल, तर फिक्या. ती भरत गेली.

"आणि ह्यांच्या डबीत?" तिने विचारलं.

"जावईबापूंच्या सगळ्यांत खालच्या खणात आहेत. वेगळ्या काढून ठेवल्यात. दुसऱ्या कुठल्या घालू नकोस."

"का? त्या खास आहेत?"

"खास म्हणजे? त्यांच्यासाठीच केल्यात मी. डोळे होते तेव्हाच." आप्पांना आतल्या आत गुदगुल्या झाल्या. स्वतःच्या लेकीच्या हातून तिच्याच नवऱ्याची डबी भरून घेणं, याची गंमत त्यांना निराळीच वाटली. दवाखान्यातले दिवस आठवले.

"भरते हं," चिमी म्हणाली. डब्यांची झाकणं एकापाठोपाठ एक बंद झाली.

रविवारी पाणी छान होतं. जावयाने आप्पांना हाताला धरून उथळ काठाशी उभं केलं. त्यांच्या डब्यातून ते सांगतील त्या रांगेतली माशी काढून दोरीला बांधून दिली. डोळे गेले तरी हात विसरला नव्हता. आप्पांची दोरी हवेत मागे गेली, पुढे आली, आणि माशी पाण्यावर अलगद टेकली. थोड्याच वेळात मनगटाला तो ओळखीचा झटका बसला. आप्पांनी काठी उचलली. काठी वाकली, थरथरली, आणि दोरी सैल पडली.

"सुटला वाटतं," पोस्टमास्तर म्हणाले.

सुटला. दुसराही सुटला. माशी बदलली, रांग बदलली, तिसरा तर काठापर्यंत येऊन सुटला. पलीकडून जावयाचा आवाज आला, "लागला, आप्पा!" आणि या वेळी त्यामागून पाण्याची फडफड आली, मग ओल्या गवतावर आपटण्याचा आवाज. आप्पा ऐकत उभे राहिले. आणखी एकदा आला. पोस्टमास्तर काठी टाकून तिकडे बघायला धावले.

आप्पांनी दोरी ओढून माशी हातात घेतली. अंगठ्याच्या नखावर ओढली, पण म्हातारं जाड नख, त्याला काही कळेना. मग त्यांनी गळ खालच्या ओठावर टेकवला. जन्मभर ज्याने लोकांची तोंडं हाताळली, त्याचा ओठ तरी कसा चुकेल? गळ ओठावरून गुळगुळीत घसरला. केसभराचं काम. स्वतःचा हात त्यांनी लगेच ओळखला.

चिमीची चूक झाली असेल, असं त्यांनी क्षणभर मनाला सांगून पाहिलं. पण चिमी डबे भरताना कधी चुकत नसे. त्यांनीच शिकवलं होतं. ते ओरडायला तोंड उघडणार, तोच त्यांच्या लक्षात आलं की ओरडायचं तरी काय? माझ्या डब्यात बोथट गळ आहेत? मग ते कुठून आले, कुणी घासले, कुणासाठी घासले, हे सगळं त्याच तोंडाने सांगावं लागणार. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

जावई पाण्यातून चालत आला. "आप्पा, यंदा मनगटाला काय झालंय कळत नाही, एकही सुटत नाहीये. तुम्ही माझ्या डबीतली एखादी लावून बघता का?" त्याच्या आवाजात कुत्सितपणा नव्हता. असता तर आप्पांना सोपं गेलं असतं.

पोस्टमास्तर शेजारीच उभे होते. "नको," आप्पा म्हणाले, आणि दिवसभर त्या बोथट गळांनी मासेमारी करत राहिले. त्यांना किती लागले आणि किती सुटले, ते पोस्टमास्तर दर वेळी मोठ्याने सांगत होते.

संध्याकाळी आप्पांनी लेकीच्या घराचा उंबरठा रिकाम्या हाताने ओलांडला. मागच्या खोलीत त्यांचा पलंग लावून झाला होता. स्वयंपाकघरातून मासे तळल्याचा वास येत होता. सगळे टेबलाशी बसले, चिमी वाढायला उभी राहिली, आणि जावयाच्या पाठीवर थाप मारत पोस्टमास्तरांनी आप्पांच्या माशांची कथा सुरू केली. एक सुटला, मग दुसरा, मग तो काठावरचा.

"आप्पांचा मासा सांगायला मोठा," चिमी शांतपणे म्हणाली, "ताटात मात्र दिसत नाही."

पोस्टमास्तरांना ठसका लागला. जावई म्हणाला, "अगं, असं काय बोलतेस त्यांना," पण तोही हसला. त्याचं हसू इतकं मोकळं होतं, की त्याला काहीच ठाऊक नाही हे आप्पांना आंधळ्या डोळ्यांनीही दिसलं. ते हसू संपायच्या आत चिमी वाकली आणि वाढता वाढता त्यांच्या कानाशी बोलली.

"मागच्या वर्षी ह्यांची डबी उन्हात वाळत घातली होती. सहज एक माशी नखावर ओढली. मग सगळ्याच ओढल्या." तिने ताट त्यांच्याकडे सरकवलं. "ह्यांना सांगितलं नाही मी. ह्यांना अजून तुम्ही मोठे वाटता."

"चिमे, ती गंमत होती गं," आप्पा पुटपुटले.

"माहीत आहे. माझीही गंमतच." मग ती सरळ उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "जेवा आप्पा. तुम्हाला दिसत नाही म्हणून काटे काढून दिलेत."

आप्पांनी ताट चाचपलं. मऊ, गरम तुकडा बोटांना लागला. त्यात काय आहे ते बधिर बोटांना कळेना. "सगळे काढलेस ना?" त्यांनी विचारलं.

"काढलेत म्हणते ना," चिमी म्हणाली. "आता रोज मीच वाढणार आहे. सवय होईल."

पोस्टमास्तर म्हणाले, नशीब काढलंत, अशी लेक कुणाला मिळते! आप्पांनी मान हलवली. मग त्यांनी घास तोंडात घातला आणि न चावता, जिभेने हळूहळू काटा शोधत बसले.