बेचिराख गावाचं घरभाडं

माझ्या बायकोने मुलुंडच्या भाड्याच्या घरात बसून एक अख्खं गाव उभं केलं. खोटं वाटतं ना? शेजाऱ्यांना विचारा. डायनिंग टेबलावर नदीवरचा पूल पसरलेला, म्हणून महिनाभर मी पोळीभाजी वॉशिंग मशीनवर ठेवून उभ्याने खाल्ली.

गाव दूर देशातलं, लढाईत बेचिराख झालेलं. बायको अंधेरीच्या एका कंपनीत एस्टिमेट काढते. ते गाव पुन्हा बांधायला काय खर्च येईल, हे तिने सांगायचं होतं. गावाला पटलं तर काम कंपनीला, नाहीतर हिची खुर्ची गेलीच. तसा हिचा अंदाज म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. लग्नाच्या हॉलमध्ये पाऊल टाकताच सांगते, कितव्या पंगतीला जिलेबी संपणार.

पूल, शाळा, पाण्याच्या लाइनी, राडारोडा उचलणं, जमिनीत राहिलेले बॉम्ब काढणं, सगळं मांडून झालं. मग हिने एक कलम घातलं: घरं होईपर्यंत प्रत्येक कुटुंबाला घरभाडं.

आमची स्वतःची बिल्डिंग पाडून नवी बांधायला, रिडेव्हलपमेंटला गेलेली. तोवर बिल्डरने द्यायच्या भाड्याची वाट आम्ही अशी बघायचो, की चातकाने आमच्याकडे शिकवणी लावावी. त्यामुळे हे कलम कुठून आलं ते मला कळलं. तिच्या साहेबांना नाही.

"मॅडम, तिकडे युद्ध झालंय, बोरिवलीतली सोसायटी नाही पाडलेली!" साहेब व्हिडिओ कॉलवर असे कडाडले की फ्रीजवरचा गणपती हलला. "पैसे देणारे सिमेंटचे देतात. भाड्याने आकडा फुगतो. काम हातचं जाईल."

"सर, माणसं कायमची निघून गेली तर ते सिमेंट काय कबुतरांसाठी?"

"आणि काम गेलं तर जबाबदार कोण?"

"मी."

माइक बंद करून ती माझ्याकडे वळली. "पाणी दे रे." एक ग्लास संपवून तिने दुसरा मागितला, मग तिसरा. ही तीच बाई, जिला बघून रिक्षावाले आपणहून मीटर टाकतात!

कलम मात्र तिने पुसलं नाही.

पुढच्या आठवड्यात त्या गावची इंजिनिअर कॉलवर आली. खोलीतही जाड कोट घालून बसलेली बाई. पूल वाचून मान डोलावली, पाण्याच्या लाइनी वाचून मान डोलावली. भाड्यापाशी थांबली.

"हे काय?"

साहेबांनी तोंड उघडलं, पण आमच्या बाईंचं इंग्रजी एकदा सुटलं की सिग्नल पाळत नाही. तिने सगळं सांगून टाकलं, आमच्या रखडलेल्या भाड्यासकट.

त्या इंजिनिअर बाईने आपला लॅपटॉप उचलला आणि हळूहळू खोलीभर फिरवला. बाकांवर गाद्या. फळ्यावर दोरी, दोरीवर पोरांचे मोजे वाळत घातलेले. ती शाळेतच बसली होती आणि अर्धं गाव तिथेच राहत होतं.

"यांना कुठे खोल्या मिळाल्या, तरच शाळा रिकामी होणार आणि तुमचं काम सुरू होणार," ती म्हणाली. "हे कलम सगळ्यात वर घ्या. आणि लवकर या."

"आम्ही तेच म्हणत होतो," साहेब म्हणाले.

कॉल संपला. मी वॉशिंग मशीनवर चढून नाचायचाच काय तो बाकी होतो. बायको मात्र कॅलेंडरकडे बघत होती.

"आपलं भाडं आलं का रे?"

"नाही ना."

"लाव त्या बिल्डरला फोन. स्पीकरवर ठेव."