मामंजी, कासरा आणि स्प्रिंग

ग्रीसचा वास आला की सत्तरच्या दशकातलं आमचं इस्लामपूरजवळचं अंगण आठवतं. बैलगाड्यांच्या चाकोरीत मोटारीचं पोट घासायचं, म्हणून मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मुंबईहून उंच, कडक स्प्रिंगा मागवल्या होत्या. सोबतचं पुस्तक इंग्रजी, त्यामुळे वाचायचं काम माझं. बसवण्यासाठी दाबलेली स्प्रिंग दोरीनं बांधू नये, असं त्यात ठळक छापलं होतं. मी ते मराठीत सांगितलं. मामंजी स्प्रिंगवर कासरा आवळत हसले, "सूनबाई, ह्या कासऱ्यानं माजलेला बैल आवरतुय मी. हे तर नुसतं लोखंडाचं वेटुळं हाय." लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं, सासऱ्यांना दुसऱ्यांदा कसं टोकायचं? मी मुकाट्यानं पान उलटलं. तेवढ्यात कासरा तुटला. बंदूक उडावी तसा आवाज झाला, मामंजींचा फेटा उडाला आणि स्प्रिंग त्यांच्यामागे गोठ्याच्या मातीच्या भिंतीत रुतली. त्यांचं उघडं, पांढरंफटक डोकं मी प्रथमच पाहत होते. ते दोन्ही हातांनी ते चाचपत राहिले. मग ते मटकन खाली बसले आणि हळूच म्हणाले, "सूनबाई, मगाचं परत वाच. आन् आता मी ऐकंस्तवर थांबू नगंस." बाळांनो, फोनवर मी तुम्हाला एकच सूचना तीनतीनदा देते, ती तेव्हापासून.