कारणं घरगुती

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आजी अंबरनाथहून रिक्षा करून उल्हासनगरला कशासाठी जाते, हे तुम्ही व्हिडिओ कॉलवर दोनदा विचारलंत. दोन्ही वेळा मी "मीटिंग असते" म्हणून विषय बदलला. आता नीट सांगते. त्यात माझी एक चूक आहे आणि ती तुम्हांला माझ्याकडूनच कळलेली बरी.

उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये पाण्याच्या पंपांचं एक दुकान आहे. दुकानाचे सिंधी मालक आमच्या ट्रस्टचे अध्यक्ष; सभा दुकानावरच्या खोलीत भरते. त्यांचे थोरले भाऊ तरुणपणी पंप विकायला टांझानियात गेले होते. तिथल्या एका गावात ते तापाने आडवे झाले आणि गावाने त्यांना महिनाभर सांभाळलं. परत आल्यावर त्यांनी हा ट्रस्ट काढला. त्या गावाजवळच्या एका लहानशा शेती प्रशिक्षण केंद्राचा भार तेव्हापासून आमच्या ट्रस्टवर आहे. थोरले भाऊ आता नाहीत. आम्ही विश्वस्त पाच: अध्यक्ष, अंबरनाथच्या कारखान्यांतून निवृत्त झालेले दोन अधिकारी, बदलापूरच्या हेंद्रेपाड्याचे एक शेतकरी आणि मी. आफ्रिका आमच्यापैकी कोणीच पाहिलेली नाही.

मी चिटणीस आहे, कारण पत्रव्यवहार इंग्रजीत चालतो आणि माझा जन्म इंग्रजी शिकवण्यात गेला. केंद्राकडून आलेल्या पत्रांचा मराठी गोषवारा मी करते. शेतकरी विश्वस्तांना इंग्रजी येत नाही आणि बाकीच्यांना वेळ नसतो, त्यामुळे सगळे माझ्या गोषवाऱ्यावरच चालतात. सभेचं इतिवृत्तही मी आदल्या दिवशीच लिहून ठेवत असे. सूचक कोण, अनुमोदक कोण, ठराव सर्वानुमते मंजूर, हे सगळं तयार. रविवारी फक्त सह्या घ्यायच्या. अनेक संस्थांत असंच चालतं, आणि आपलं काम वेळेआधी तयार असतं याचा मला अभिमान होता.

केंद्रावर भातशेती शिकवणारी एक शिक्षिका आहे. अभ्यासक्रम तीन महिन्यांचा, तिथेच राहून करायचा. एकदा तिचं सात पानी पत्र आलं. मी ते वाचलं आणि चार ओळींत बसवलं: महिलांची उपस्थिती कमी आहे. काही जणी अभ्यासक्रम अर्धवट सोडतात. वर्ग आठवड्यातून एकदा त्यांच्या गावातल्या शेतांवरच घ्यावा, अशी सूचना आहे. कारणं घरगुती.

सभेत मी या चार ओळी वाचल्या. एक अधिकारी म्हणाले, "शिस्त नको का? आमच्याकडे अप्रेंटिस मध्येच गावाला पळाला, तर परत आत घ्यायचो का? मध्येच सोडेल तिचं नाव कायमचं काढा."

"अरे साईं, पहले दाल-पकवान खाओ, ठंडा हो रहा है," अध्यक्ष म्हणाले.

हेंद्रेपाड्याच्या भाऊंनी ताटलीला हात लावला नव्हता. ते माझ्याकडे वळले. "बाई, लावणीच्या दिवसांत जातात का हो त्या? लावणीला बाई शेत सोडून कुठं जात नाय."

"कारणं घरगुती आहेत, भाऊ," मी म्हणाले.

मला पाचवं पान अंधूक आठवत होतं. पत्र माझ्या पिशवीतच होतं. पण तयार इतिवृत्तात अधिकाऱ्यांचा नियम ठराव म्हणून मी घालून टाकला होता आणि बारा वाजत आले होते. भाऊंनी कागद थोडा वेळ हातात धरला, मग सही केली. "बाईंनी लिवलंय म्हंजे बरोबरच असंल," ते म्हणाले.

पुढच्या हंगामात शिक्षिकेचं दुसरं पत्र आलं. तिच्या वर्गात एक तरुण विधवा होती, पदरात दोन मुलं. लावणीच्या वेळी ती घरी जायला निघाली, तेव्हा तिला आमचा नवा नियम वाचून दाखवावा लागला. नाव कायमचं जाईल या भीतीने ती थांबली आणि वर्गात पहिली आली. गावात परतली, तेव्हा तिच्या खाचरात दुसऱ्याचं भात उभं होतं. तिथे जमीन कुळातली वडीलधारी माणसं वाटून देतात. हंगामात जिने लावणी केली नाही, तिचं खाचर दुसऱ्याला जातं. शिक्षिकेने पुढे लिहिलं होतं, "हे मी मागच्या पत्रात पाचव्या पानावर कळवलं होतं. कदाचित माझं इंग्रजी नीट नसेल."

तिचं इंग्रजी उत्तम होतं.

मी दोन्ही पत्रं घेतली आणि हेंद्रेपाड्याला गेले. भाऊंच्या बऱ्याचशा जमिनीवर आता इमारती आहेत आणि त्यांतल्याच एकीत ते तिसऱ्या मजल्यावर राहतात. गावाबाहेर दोन खाचरं उरली आहेत, ती अजून स्वतः लावतात. मी त्यांना दोन्ही पत्रं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मराठीत सांगितली. वहिनींनी न विचारता चहा आणून ठेवला. तो तसाच राहिला.

"मी इचारलं होतं, बाई," भाऊ म्हणाले.

"हो."

"तुम्ही घरगुती म्हणालात."

"हो."

आतून वहिनींचा आवाज आला. "घरगुतीच की मग. जमीन गेली म्हंजे घरच गेलं ना तिचं?"

मी म्हणाले, "मी राजीनामा देते, भाऊ."

"आन् मोकळ्या होता काय? मग पुढचं पत्र कोण वाचंल? मी?" ते माझ्याशी एवढ्या चढ्या आवाजात कधी बोलले नव्हते. "मला येऊन सांगितलंत ते ठीक. तिला कोण सांगणार?"

पुढच्या रविवारी मी खास सभा बोलावली. सुरुवातीलाच म्हणाले, आज दोन्ही पत्रं पूर्ण वाचणार. अध्यक्ष म्हणाले, "पूरे सात पान? मॅडम, घरपे खाने पे राह देख रहे हैं." मी वाचत गेले. पाचवं पान झाल्यावर त्यांनी खालच्या माणसाला हाक मारून दुकानाचं शटर ओढून घ्यायला सांगितलं, म्हणजे गिऱ्हाईक वर येणार नाही. मग म्हणाले, "ये वाला फिरसे पढो."

नियम रद्द झाला. वर्ग शेतांवर घ्यायचं ठरलं. शिस्तीबद्दल बोललेले अधिकारी म्हणाले, "त्या वडीलधाऱ्यांना ट्रस्टतर्फे पत्र लिहू, तिचं खाचर परत द्या म्हणून." भाऊ म्हणाले, "उभं पीक कोण उपटंल, साहेब? ज्यानं लावलं त्याची पण पोरं असतील. अन् आपण कोण सांगणारे?" ते पत्र लिहायचं नाही असं ठरलं. आधीचा ठराव चिटणीसांनी दिलेल्या अपुऱ्या माहितीवर झाला, असं मी त्या दिवसाच्या इतिवृत्तात लिहिलं. अध्यक्ष म्हणाले, एवढं कशाला, आपलीच बदनामी. मी ते वाक्य तसंच ठेवलं.

त्या विधवेला मी वेगळं पत्र लिहिलं. आयुष्यात हजारो पत्रं लिहिली असतील, पण या एका पानाला चार दिवस लागले. तुम्हां बायकांचं म्हणणं माझ्यापर्यंत पोहोचलं होतं, मी ते पुढे नेलं नाही, एवढंच त्यात होतं. शिक्षिकेने ते तिला तिच्या भाषेत वाचून दाखवलं.

उत्तर यायला दीड महिना लागला. शेजारणीने तिला अर्ध्या वाट्याने शेतात घेतलं आहे. आठवड्याचा वर्ग त्याच बांधावर भरतो. माझ्या माफीबद्दल तिने एक अक्षरही कळवलेलं नाही. फक्त एक प्रश्न विचारला आहे: तुमच्याकडे भाताची रोपं किती दिवसांची झाली की लावतात?

मला ते ठाऊक नव्हतं. मी हेंद्रेपाड्याला फोन लावला.

"एकवीस दिवस," भाऊ म्हणाले. "पंचवीसच्या पुढं नको. वाफ्यात आधी पाणी सोडायचं, म्हंजे उपटताना मुळं तुटत नाय. अन् पोरांना शाळेत धाडतेस का, तेवढं इचारा."

मी सगळं लिहून घेतलं, त्यांना परत वाचून दाखवलं आणि त्याच दिवशी पाठवलं.