पिकलेले सहा क्रेट

घराबाहेर पडले की मी दर तासाला घरी फोन करते, ही आमच्या घरातली जुनी थट्टा आहे. एका परीक्षेसाठी चंद्रपूरला गेले होते, तेव्हा बसस्टँडपासून केंद्रापर्यंत जाईतो अब्बांना सात फोन केले. सातवा फोन कशासाठी, तर केंद्राचं फाटक सापडलं पण अजून उघडलं नाही, हे सांगायला. त्यामुळे बी.एस्सी.चा शेवटचा पेपर झाल्यावर मी एम.एस्सी.ला नागपूरला जायचं म्हटलं, तेव्हा अब्बा आधी पोटभर हसले.

गोंडपिपरीत अब्बांची फळांची गाडी आहे. घरात आम्ही हिंदी बोलतो, पण कोणाला चार शब्द सुनवायचे असले की अब्बा मराठीत येतात, कारण दिवसभर गिऱ्हाइकांशी हुज्जत त्याच भाषेत चालते. त्या दिवशीही मराठीतच म्हणाले, "नागपूरले तू एकटी राहाशील? तुले तं उन्हात दोन पावलं चाललं का डोकं दुखते." मी फणकाऱ्याने म्हटलं, सुट्टीत कुठल्याही शेतात मजुरी करून दाखवते. तोंडातून गेलं ते गेलं. अब्बांनी जागच्या जागी अट घातली. कोणाच्या तरी बागेत पंधरा दिवस फळं तोडायची, तिथेच राहायचं, आणि मदतीसाठी घरी एकही फोन करायचा नाही.

"फोन आला का नागपूर इसरायचं," ते म्हणाले. "मंग इथीच गाडीवर बसाचं. मले बी आधार होते."

मी हो म्हटलं. नागपूर मला हवंच होतं, आणि अब्बांसमोर हरणं मला कधीच जमलेलं नाही.

कॉलेजातली एक मैत्रीण माझ्यासोबत निघाली. तिच्या घरी धान आणि कापूस. तिला स्वतःच्या कमाईचा मोबाइल घ्यायचा होता आणि माझी फजिती जवळून पाहायची होती. हे तिनेच मला तोंडावर सांगितलं. तिच्या स्कूटीवर आम्ही काम शोधायला लागलो. काम मागणं हे काम करण्याहून अवघड असतं, हे आम्हाला दोन दिवसांत कळलं.

नदीकाठच्या टरबूजवाल्याने आमच्या पाठीवरच्या बॅगा बघूनच हात जोडले. "पोरींनो, टरबूज उचलाव लागते, वाचाव नाई लागत," म्हणाला. लिंबाच्या बागेतल्या म्हाताऱ्याने शिक्षण विचारलं. आम्ही मोठ्या तोऱ्यात बी.एस्सी. सांगितलं, तर तो म्हणाला, "मंग तुमी काम कमी अन् सवाल जास्त करसान." तिसऱ्या ठिकाणी सांगितलं की आमची माणसं ठरलेली आहेत, दरवर्षी तीच येतात. मैत्रीण मला रस्ताभर चिडवत होती, की तुझ्या तोंडावरच आळशी लिहिलंय. मी तिच्याशी अर्धा तास बोलले नाही. मग भूक लागली आणि डबा तिच्याकडे होता, म्हणून बोलले.

शेवटी जंगलाला लागून असलेल्या एका आंब्याच्या बागेत आमचं नशीब उघडलं. बागेची मालकीण साठीच्या पुढची, एकटी राहणारी बाई. तिची सगळी ठरलेली माणसं विड्यांचा तेंदूपत्ता तोडायला जंगलात गेली होती. मे महिन्यात पत्ता निघाला की आमच्याकडे दुसऱ्या कामाला माणूस मिळत नाही. इकडे तिच्या बैंगनपल्ली आंब्याची झाडं फळांनी वाकलेली, आणि नागपूरच्या बाजारात माल नेणारी गाडी दोन दिवसांनी यायची होती. बाईंनी आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि भात-वरण वाढलं. जेवताना विचारलं, "आंब्याची पारख आहे का?"

"लहानपणापासून फळाच्या गाडीवर बसते मी, बाई," मी म्हटलं. "मला काय शिकवता!"

बाईंनी खरंच काही शिकवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बांबूला जाळी आणि पातं लावलेले दोन झेले आमच्या हाती दिले आणि स्वतः गावात कोणाच्या बारशाला गेल्या.

ती सकाळ फार छान गेली. पानांतून ऊन खाली येत होतं, झेल्याच्या जाळीत आंबा पडला की हाताला गोड वजन जाणवायचं, आणि मला एकदाही डोकं दुखल्याचं आठवत नाही. मी झाडामागून झाड हिंडत होते. देठाजवळ पिवळा पडलेला, वास सुटलेला, अंगठ्याला किंचित मऊ लागणारा, असा आंबा पन्नासात एखादा असतो. तो मी बरोबर हेरायची. हिरव्या आंब्यांकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही. आमच्या गाडीवर हिरवा आंबा कोण घेतं? मैत्रीण मात्र एकाच झाडाखाली ठाण मांडून होती. धान कापताना शेतात एक लोंबी सोडायची नाही, हे तिच्या हाडात भिनलेलं. तिने ते झाड बोराएवढ्या कैऱ्यांसकट साफ केलं.

दुपारी बाई परत आल्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. बाजाराला पाठवायचा आंबा हिरवाच तोडतात, फक्त देठाजवळचे त्याचे खांदे भरलेले हवेत. तो वाटेत आणि आढीत पिकतो. जगातल्या प्रत्येक बागवानाला ठाऊक असलेली ही गोष्ट फळवाल्याच्या मुलीला ठाऊक नव्हती, कारण आमच्या गाडीवर आंबा येतो तोच पिकून.

मैत्रिणीच्या कैऱ्या निभावल्या. "लोणच्याले जाते," बाई म्हणाल्या. पण माझे सहा क्रेट पिकलेले होते, आणि मे महिन्याच्या उन्हात दोन दिवसांत त्यांचा लगदा झाला असता. बाई रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "राहू दे. म्हशी खातीन."

मला भयंकर लाज वाटली. सहा क्रेट चांगला माल म्हशींच्या तोंडी, बाजाराचा हिरवा माल अजून झाडावर, आणि त्या एकट्या बाईची सकाळ घालवली कोणी, तर मी. असा पिकलेला माल एका संध्याकाळी विकू शकेल असा एकच माणूस मला ठाऊक होता. मी मोबाइल काढला तशी मैत्रिणीने माझा हात धरला. "पागल झाली का? पहिल्याच दिवशी फोन? नागपूर गेलं समज."

मी विहिरीच्या काठावर जाऊन बसले. थोडी रडले. मग फोन लावला आणि रडका आवाज कळू नये म्हणून घाईघाईने, आणि का कोण जाणे मराठीतच, बोलले. "अब्बा, बैंगनपल्लीचे सहा क्रेट आहेत. झाडावर पिकलेला माल आहे, डाग नाई. उद्या कामाचा राहणार नाई, आज संध्याकाळीच काढाव लागन."

अब्बांनी बाग कुठे आहे तेवढं विचारलं. मग म्हणाले, "येतो."

ते शेजाऱ्याचा मालवाहू ऑटो घेऊन तासाभरात आले. माझ्याकडे न बघता सरळ क्रेटजवळ गेले आणि मांडी घालून बसले. कोणाचाही माल घेताना अब्बा चारातला एक आंबा नाक मुरडून बाजूला काढतात, ती त्यांची सवय आहे. मी त्यांच्या हाताकडे बघत उभी राहिले. पहिला क्रेट संपला, दुसरा संपला. ते प्रत्येक आंबा देठाशी हुंगायचे, अंगठा टेकवायचे आणि परत जागेवर ठेवायचे. सहाव्या क्रेटपर्यंत त्यांनी एकही आंबा बाजूला काढला नाही.

"भाऊ, तुमच्या पोरीनं माह्या बागेतला पिकलेला एक आंबा सोडला नाई," बाई हसत म्हणाल्या. "हिले ठेवू का घरी धाडू, तेच समजून नाई राह्यलं."

मी मध्येच म्हटलं, "अब्बा, मी अट मोडली."

"मदत कोणी मागितली?" अब्बा उठता उठता म्हणाले. "तू तं मले माल विकून राह्यली होती."

त्यांनी पहिला क्रेट उचलून ऑटोत ठेवला. मग पाठ आमच्याकडे ठेवूनच ते बाईंशी बोलले. "ठेवा का काढा, तुमची मर्जी, बाई. गाडीवर बसाले असा पारखी हात मले पुन्हा कुठी भेटन? अन् मीच आता तिले नागपूरले धाडून राह्यलो."