शुगर शून्य कशी असेल?

मित्रांनो, तातडीने सल्ला हवाय.

आज दुपारी आई बेशुद्ध पडली. मुलुंडच्या नर्सिंग होममध्ये तिची शुगर तपासली, तर तिथल्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर शून्य आलं. सिस्टर ग्लुकोज लावायला धावल्या. मशीनवरचा आकडा कॉम्प्युटरवर दाखवणारं सॉफ्टवेअर मी काम करते त्याच कंपनीचं, म्हणून मी ओरडले, “सिस्टर, थांबा! आधी शुगरचं मशीन बघा!”

मशीनवर ‘हाय’ होतं, म्हणजे मोजता येणार नाही इतकी जास्त. आकड्याऐवजी अक्षरं आली की आमच्या सॉफ्टवेअरमधलं फंक्शन गुपचूप शून्य भरतं!

आता इन्सुलिन चालू आहे, पण आई अजून शुद्धीवर नाही.

कंपनीतल्या साहेबांना फोन केला. म्हणाले, “सोमवारी बघू ना, यार.”

हेच सॉफ्टवेअर आणखी कितीतरी ठिकाणी आहे. तिथल्या पेशंट्सचं सोमवारपर्यंत काय? मी कुणाकडे जाऊ, सांगा ना.