दोन्ही पाण्यांत राहणारा मासा

समोर दिसणारा कोणताही जीव पुराव्याशिवाय खरा न मानणारे एकच गृहस्थ हैदराबादेत आहेत, आणि ते माझे साडू आहेत. दिलसुखनगरला कोचिंग क्लासेसच्या एका इमारतीखाली त्यांचं शोभेच्या माशांचं दुकान आहे. प्राणिशास्त्राची पदवी त्यांनी नोकरीसाठी घेतली होती. पण नोकरी देणाऱ्यांवर विश्वास बसेना, म्हणून दुकान काढलं. तिथून मासा विकत घेणं सोपं नाही. गिऱ्हाइकानं आधी घरचं पाणी बाटलीतून आणायचं. साडू ते उजेडात धरतात, हुंगतात, त्यात तपासणीची पट्टी बुडवतात आणि मग पट्टीकडे न पाहता गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहतात. "नळाचं म्हणता? हे टँकरचं आहे." एकदा एक वैतागलेला माणूस म्हणाला, "मच्छी लेने आयूं साब, रिश्ता मांगने नै." साडू शांतपणे म्हणाले, "रिश्ता होता तो इत्ता नै पूछता."

त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून असतं. गोड्या पाण्यातला मासा पाणी पीत नाही. ते त्याच्या अंगात आपोआप शिरतं आणि मूत्रपिंडं ते सतत बाहेर टाकत राहतात. समुद्रातला मासा उलट पाणी पीत राहतो आणि जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. साध्या नळाच्या पाण्यातही क्षार कमीजास्त असतात. म्हणून मासा घरी नेल्यावर त्याची पिशवी आधी काचेच्या टाकीत नुसती तरंगू द्यायची, मग तिच्यात टाकीतलं पाणी थोडं थोडं घालत जायचं. सगळी गिऱ्हाइकं मान डोलावतात. साडूंच्या मते सगळी खोटं बोलतात. घरी गेल्यावर पिशवी फोडून मासा थेट आत ओततात. गौलीगुड्यात एका मुलाच्या वाढदिवसाला मासे गेले होते, तर संध्याकाळी साडू स्कूटरवरून तिथे हजर. यजमानीणबाईंनी केक पुढे केला. "केक नक्को. टाकीचं झाकण काढा."

माशांमध्येही त्यांचा सर्वांत मोठा संशय मॉलीवर. हा बोटभर मासा हळूहळू सवय केली तर खाऱ्या पाण्यातही राहतो. साडू त्याला आदरानं वाढवतात आणि त्याची पाठ फिरली की म्हणतात, "दोन्हीकडे ज्याचं जमतं, त्याचं खरं घर कोणतं, हे कळायला मार्ग नाही."

असा बाप असलेल्या मुलीनं, म्हणजे आमच्या मनूनं, लग्नासाठी पुण्याचा मुलगा पसंत केला. आयटीतला, हैदराबादेत येऊन जेमतेम वर्ष झालेला. रविवारी तो चिक्कडपल्लीला साडूंच्या घरी जेवायला येई. रिक्षावाल्याशी तेलुगूत भांडून वर यायचा, होकाराला हैदराबादी ढंगानं "हौ काकू" म्हणायचा, आणि गोंगुऱ्याचं, म्हणजे अंबाडीचं, तिखटजाळ लोणचं भातात कालवून दुसऱ्यांदा मागून घ्यायचा. माझी मेहुणी खूश. साडू मात्र वाढत जाणाऱ्या शंकेनं त्याच्या ताटाकडे पाहत.

"मॉलीलाही आठवडे लागतात," ते मला म्हणाले. "ह्यानं पहिल्याच रविवारी लोणचं मागितलं. कल्ल्यांमध्ये नव्या पेशी घडाव्या लागतात हो. त्याला वेळ लागतो, जिवाला त्रास होतो. त्रास नाही म्हणजे बदल नाही. नाटक आहे."

"नाटक कशासाठी करेल?"

"ते तुम्ही पेपरवाल्यांनी शोधायचं."

मी बातमीदार असूनही शोधलं नाही. मनूचा धीर सुटत चालला होता. एका रविवारी तिनं मुलासमोरच सांगितलं, "बाबा, हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. नाही म्हणालात तर मी ऐकेन, पण आयुष्यभर विसरणार नाही." ताटं तशीच राहिली. मुलानं हात धुतले, निघतो म्हणाला आणि जिना उतरला. साडूंनी चपला घातल्या आणि त्याच्या मागे गेले.

पुढचं त्यांनीच मला सांगितलं. कोपऱ्यावरच्या मेडिकलच्या दुकानात मुलगा स्टुलावर बसला होता. एक हात पोटावर, कपाळावर घाम, आणि तोंडात पित्ताची गोळी. साडूंनी दुकानदाराला विचारलं, हे नेहमीचंच का. दुकानदार म्हणाला, "हर इतवार आते साब. पहले दो गोली लेते थे, अब एक में होजारा."

मुलगा उठून उभा राहिला. "काका, काकूंना सांगू नका. त्यांना वाटेल मला आवडत नाही. आवडतं हो. पोट अजून ऐकत नाही एवढंच."

साडूंना एवढा आनंद झालेला मी कधी पाहिला नव्हता. ते घरी येऊन मनूला म्हणाले, "हो." कारण सांगितलं नाही. मला बाजूला घेऊन मात्र हलक्या आवाजात म्हणाले, "खरा आहे. दोनाची एक झाली. अंगात बदल होतोय त्याच्या."

लग्न झालं. मग कंपनीनं जावयाला कॅनडात पाठवलं आणि मनूही गेली. ती परत आली ती दोन हिवाळे तिकडे काढून, ऐन मे महिन्यात. त्या संध्याकाळी मी तिथेच होतो. ह्याच घरात जन्मलेली मुलगी ती, दर उन्हाळ्यात गच्चीवर झोपणारी. ती सोफ्यावर बसली, ओढणीनं वारा घेतला आणि म्हणाली, "बाबा, किती उकडतंय! तुम्ही राहता तरी कसे ह्यात?" साडूंनी कूलर तिच्याकडे वळवला आणि स्वतःची खुर्ची दाराजवळ नेली. रात्रीच्या जेवणापर्यंत ते तिच्याकडे एकटक पाहत होते.

मला सोडायला ते फाटकापर्यंत आले. "तुम्ही समोरच बसला होतात," ते म्हणाले. "तिला खरंच उकडत होतं, की तिकडून आलेली माणसं म्हणतात तसं म्हणत होती?"

तिचा चेहरा लाल झाला होता. मान घामानं भिजली होती आणि श्वास जड झाला होता. जे पाहिलं ते मी सांगितलं.

"नीट पाहिलंत?"

"पाहिलं."

ते थोडा वेळ फाटकाची कडी वरखाली करत राहिले. "तुम्हा पेपरवाल्यांचं काय," ते म्हणाले, "तुम्हाला काहीही दिसतं." आणि त्यांनी फाटक लावून घेतलं.